मराठीत शोधनिबंध लिहिताय? संदर्भांची घडी पहिल्या दिवसापासून अशी बसवा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या विद्यार्थ्यांनाही संशोधन प्रकल्प करावा लागतो. वर्गात संशोधनपद्धती शिकवतात, गृहीतकाची व्याख्या पाठ होते. पण वाचलेल्या पुस्तकातली ओळ आपल्या निबंधात आणताना तिची नोंद कशी ठेवायची, हे शेजारी बसवून कोणी दाखवत नाही. मग निबंध जमा करायच्या आधीच्या आठवड्यात धावपळ सुरू होते. अवतरण आहे, पण पान क्रमांक नाही. पान क्रमांक आहे, पण आवृत्ती कोणती ते लिहिलेले नाही. आणि ते पुस्तक नेमके दुसऱ्याच कोणी घरी नेलेले असते.

मी माझा प्रबंध मराठीत लिहिला आणि आता विद्यार्थ्यांच्या संदर्भसूची तपासून देते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी मदत भरपूर आहे. मराठी साधनांचे प्रश्न वेगळे असतात: शके, टोपणनावे, एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या संपादकांच्या आवृत्त्या, जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ. हा लेख मुख्यतः त्या प्रश्नांसाठी आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- तुमच्या विभागाची किंवा विद्यापीठाची प्रकल्पलेखनाची नियमावली, छापील
- लॅपटॉप किंवा संगणक, त्यावर युनिकोड मराठी टायपिंग (इनस्क्रिप्ट असो वा उच्चारानुसारी, पण युनिकोडच)
- झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी साठवून सूची करून देणारे मोफत सॉफ्टवेअर आणि त्याचे ब्राउझरमध्ये बसणारे कनेक्टर
- वर्ड किंवा लिब्रेऑफिस
- बरा कॅमेरा असलेला फोन
- एक वही, कारण काही ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत फोन वापरू देत नाहीत
- पेन ड्राइव्ह

## १. आधी नियम विचारून घ्या

साहित्याच्या विभागांत बहुधा संदर्भ देण्याची एमएलए पद्धत चालते, तिची सध्याची नववी आवृत्ती २०२१ची. समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांत एपीए ही दुसरी पद्धत, तिची सातवी आवृत्ती २०१९ साली आली. इतिहासवाले तळटीपा पसंत करतात. पण "बहुधा" वर विसंबू नका. मार्गदर्शकांना स्पष्ट विचारा: संदर्भ कंसात द्यायचे, तळटीपेत, की प्रकरणाच्या शेवटी? मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या हव्यात का? आकडे देवनागरी की रोमन? याच विभागात मान्य झालेला एखादा जुना प्रबंध मागून घ्या आणि त्याची सूची नजरेखालून घाला. नियमावलीत जे लिहिलेले नसते ते तिथे दिसते.

एकदा पद्धत ठरली की ती बदलू नका. परीक्षकाला एमएलए की एपीए याने फारसा फरक पडत नाही. एका पानावर एक आणि पुढच्या पानावर दुसरी पद्धत दिसली, की मात्र लगेच खटकते.

## २. पुस्तक हातात आल्यावरची पहिली पाच मिनिटे

या लेखातला एकच भाग पाळायचा असेल तर हा पाळा. पुस्तक वाचायला घेण्याआधी शीर्षकपानाचा फोटो काढा, मग त्याच्या मागच्या पानाचा, जिथे आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक आणि वर्ष असते. त्यानंतर हव्या त्या पानांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोत पान क्रमांक दिसलाच पाहिजे. ग्रंथालयाने पुस्तकावर चिकटवलेला दाखल क्रमांक आणि वर्गांकही टिपा, परत लागले तर शोधाशोध होत नाही. हे सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला लेखकाचे आडनाव व वर्ष असे नाव द्या.

आवृत्तीवर इतका जोर का, ते एका उदाहरणातून पाहा. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला. आज तो आपण बहुतेक वेळा समग्र वाङ्मयात वाचतो. हे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली काढले, तेव्हा संपादक होते धनंजय कीर आणि स. गं. मालशे. १९९१च्या आवृत्तीचे संपादन य. दि. फडक्यांनी केले. तुम्ही नुसते "समग्र वाङ्मय, पृ. २३०" लिहिले आणि परीक्षकांच्या कपाटात दुसरी आवृत्ती असली, तर त्या पानावर त्यांना भलताच मजकूर सापडेल. तुमचे अवतरण खरे असूनही खोटे ठरेल. म्हणून नोंद अशी हवी:

फुले, जोतीराव. 'शेतकऱ्याचा असूड'. महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. धनंजय कीर व स. गं. मालशे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई, १९६९.

एपीए वापरत असाल तर आणखी एक खाच आहे. कंसात (फुले, १९९१) लिहिले की फुल्यांनी ते १९९१ साली लिहिले असे वाटते. तिथे मूळ वर्ष आणि वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष दोन्ही द्यायचे: (फुले, १८८३/१९९१).

दुसरा अडथळा शकांचा. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा फक्त शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे शके १८३२ हे १९१०. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पुस्तकावर माघ किंवा फाल्गुन छापले असेल तर ७९ मिळवा. पौष डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, तिथे तिथी पाहून ठरवा. सूचीत दोन्ही सन लिहा: शके १८३२ (इ. स. १९१०). पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन ही वेगळी कालगणना भेटेल, त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. वर्ष कुठेच छापलेले नसेल तर अंदाजाने ठोकू नका, "प्रकाशनवर्ष नाही" असे लिहा. प्रस्तावनेखाली तारीख असेल तर "प्रस्तावनेची तारीख" म्हणून ती देता येते.

## ३. टिपणे काढताना तीन आवाज वेगळे ठेवा

टिपणात तीन प्रकारचा मजकूर असतो: लेखकाचे जसेच्या तसे शब्द, लेखकाचे म्हणणे तुमच्या शब्दांत, आणि तुम्हाला सुचलेले. हे तिन्ही एकत्र मिसळले की दोन महिन्यांनी कोणते वाक्य कोणाचे ते तुम्हालाही ओळखता येत नाही. वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणे अशीच घडतात, मनात चोरी नसताना.

उपाय सोपा आहे. शब्दशः उतरवलेला मजकूर नेहमी अवतरणचिन्हांत, शेवटी पान क्रमांक. सारांशाच्या आधी "सा.", त्यालाही पान क्रमांक. स्वतःच्या विचाराआधी "मी:". वहीत लिहा, कार्डांवर लिहा किंवा झोटेरोच्या नोट्समध्ये, खुणा त्याच ठेवा. मूळ मजकुरात जुने शुद्धलेखन असेल, अनुस्वारांची रेलचेल असेल, तर ते तसेच उतरवा. अवतरण सुधारण्याचा अधिकार आपला नाही.

## ४. झोटेरो मराठीसाठी कसे लावायचे

झोटेरो २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या केंद्रात तयार झाले, इतिहासाच्या अभ्यासकांनीच बनवले. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. मेंडेली आणि इतरही सॉफ्टवेअर आहेत, पण नवख्या माणसाने झोटेरोपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी संगणकावर झोटेरो बसवा, मग ब्राउझरमध्ये कनेक्टर. वर्डमध्ये झोटेरोचा टॅब आपोआप दिसू लागतो. डाव्या बाजूला प्रकल्पाच्या नावाचे एक कलेक्शन करा आणि त्यात मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके, प्रबंध अशी उपकलेक्शने. शेवटी सूचीचे भाग पाडताना हेच उपयोगी पडतात.

इंग्रजी लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा पुस्तकाचा आयएसबीएन जादूच्या कांडीच्या चिन्हात टाकला की नोंद आपोआप भरते. मराठी पुस्तकाच्या बाबतीत दोन गोष्टी होतात. जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो. आणि असला, तरी माहिती परदेशी ग्रंथालयांच्या सूचीतून आली की शीर्षक आणि लेखकाचे नाव रोमन लिपीत येते. ते तसेच सोडू नका. शीर्षकपानाचा फोटो समोर ठेवून प्रत्येक रकाना देवनागरीत स्वतः भरा. रोमन रूप "एक्स्ट्रा" रकान्यात ठेवा, पुढे इंग्रजीत लेख लिहाल तेव्हा कामी येईल. वर्गांकासाठीही वेगळा रकाना आहे, तो भरा.

तीन सावधगिऱ्या:

मोफत साठवण फक्त ३०० एमबी आहे. स्कॅन केलेली तीन-चार पुस्तके टाकली की ती संपते आणि लोक घाबरून पैसे भरतात. गरज नाही. सेटिंगमध्ये फाइल सिंक बंद करा. नोंदी आणि टिपणे तरीही सिंक होत राहतात, त्यांना मर्यादा नाही.

झोटेरोचे मूळ डेटा फोल्डर उचलून गूगल ड्राइव्हमध्ये किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो. त्याऐवजी दर आठवड्याला झोटेरो बंद करून त्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

तिसरी, आपल्याकडे फार होणारी गोष्ट. निबंध वर्डमध्ये युनिकोडात लिहायचा आणि शेवटी डीटीपीवाल्याकडे द्यायचा. तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलतो आणि झोटेरोने घातलेल्या सगळ्या संदर्भांच्या जोडण्या तुटतात. त्यानंतर एक पुस्तक वाढवायचे झाले तरी सगळे हाताने. निबंध स्वतः युनिकोडात पूर्ण करा, मांडणीसाठी कोणाला द्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि जोडण्या असलेली मूळ फाइल आपल्याकडे राखून.

## ५. नावांचा गुंता

झोटेरोत लेखकासाठी आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. 'कुसुमाग्रज' किंवा 'केशवसुत' अशा टोपणनावाला आडनाव नसते. रकान्याशेजारी एक छोटे बटण आहे, ते दाबले की दोन रकान्यांचा एक होतो. संस्थेचे नाव लेखक म्हणून देतानाही हेच करा, नाहीतर "मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती" असे काहीतरी सूचीत उमटते. पुस्तकावर टोपणनाव असेल तर सूचीत तेच ठेवा आणि हवे तर चौकटी कंसात खरे नाव द्या: कुसुमाग्रज [वि. वा. शिरवाडकर]. त्याच लेखकाने दुसरे पुस्तक खऱ्या नावाने लिहिले असेल तर ते खऱ्या नावाखाली जाईल, आणि एका नोंदीतून दुसरीकडे "पाहा" अशी खूण करा.

नावाचे लेखन सगळीकडे एकच ठेवा. जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव अशी तीन रूपे तीन नोंदींत गेली, तर झोटेरोच्या दृष्टीने ते तीन वेगळे लेखक. मी शीर्षकपानावरचे रूप नोंदीत घेते आणि वेगवेगळ्या पुस्तकांच्या शीर्षकपानांवर वेगवेगळी रूपे असतील तर एक रूप निवडून तळटीपेत तसे सांगते.

आता एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. 'शेतकऱ्याचा' या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या र पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र एक लिहिले तर दुसरे सापडत नाही, आणि पुस्तक नोंदवलेच नाही असे वाटून तुम्ही ते पुन्हा नोंदवता. म्हणून फोन आणि लॅपटॉपवर शक्यतो एकाच प्रकारचा कीबोर्ड ठेवा, आणि असा शब्द शोधताना 'शेतक' एवढेच टाइप करा.

## ६. कोणत्या साधनाची नोंद कशी

मराठी विश्वकोश. "विश्वकोश" एवढाच संदर्भ पुरत नाही. नोंदीच्या शेवटी नोंदलेखकाचे नाव असते, ते घ्या. त्यानंतर नोंदीचे शीर्षक, खंड, आणि संकेतस्थळावरून वाचली असेल तर पत्ता व पाहिल्याची तारीख.

दिवाळी अंक आणि मासिके. लेखक, लेखाचे नाव, अंकाचे नाव, "दिवाळी" आणि वर्ष, संपादक, पान. दिवाळी अंकाला बरेचदा वर्ष-अंक क्रमांक नसतो, म्हणून संपादकाचे नाव महत्त्वाचे.

वृत्तपत्रे. तारीख आणि पान याबरोबर आवृत्ती लिहा. एकाच दिवशी पुणे, मुंबई आणि नागपूर आवृत्तीत तीच बातमी वेगळ्या पानावर असू शकते. कात्रण मिळाले आणि त्यावर तारीख नसेल, तर मूळ अंक पाहिल्याशिवाय ते वापरू नका.

शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. पीडीएफ दाखवते तो पान क्रमांक आणि प्रबंधावर छापलेला क्रमांक वेगळा असतो. छापलेला घ्या. नोंदीत "अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध", विद्यापीठ आणि वर्ष लिहा.

दप्तरखान्यातले कागद. संस्थेचे नाव, दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) क्रमांक, कागदाचा क्रमांक, तारीख. रुमाल परत बांधायच्या आधी हे सगळे लिहून झालेले असावे.

मुलाखती. नाव, गाव, तारीख, मुलाखत कशी घेतली ते. आधी संमती घ्या, आणि सांगणाऱ्याला नाव नको असेल तर बदललेले नाव वापरून तसे नमूद करा.

## ७. पीडीएफमधला मजकूर घेताना

श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग मिळतो. तुमच्या संगणकात बिघाड नाही, फाइलच तशी आहे. स्कॅन केलेल्या पुस्तकात तर अक्षरे नसतातच, फक्त चित्र असते. अशी पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी मिळतो. बऱ्यापैकीच. ध आणि घ, भ आणि म, अनुस्वार आणि रफार यांची गल्लत होते. अवतरण वापरण्याआधी चित्राशी अक्षर न अक्षर ताडून पाहा.

## ८. लिहिताना

संदर्भ वाक्य लिहितानाच घाला. "नंतर टाकू" म्हणून सोडलेला संदर्भ सहसा सापडत नाही. पान क्रमांकासकट झोटेरोच्या बटणानेच घाला, हाताने टाइप करू नका.

"तत्रैव" (म्हणजे आधीच्याच संदर्भात) शेवटपर्यंत लिहू नका. परिच्छेद वरखाली हलला की तत्रैव भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आधी सगळीकडे पूर्ण किंवा लघु संदर्भ ठेवा. तत्रैव आणि पूर्वोक्त (आधी सांगितलेला ग्रंथ) हवेच असतील तर मजकूर गोठल्यावर करा.

मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून अवतरण घेतले असेल तर तसे लिहा: "राजवाडे, उद्धृत," आणि पुढे तुम्ही प्रत्यक्ष वाचलेले पुस्तक. सूचीत फक्त वाचलेले पुस्तक द्या. यात कमीपणा काही नाही. न पाहिलेला ग्रंथ सूचीत टाकला आणि तोंडी परीक्षेत त्याच्यावरच प्रश्न आला, तर उत्तर नसते.

## ९. वाङ्मयचौर्याची तपासणी

विद्यापीठ अनुदान आयोगाचे यासंबंधीचे विनियम २०१८चे आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळायचे असतात. अहवाल हातात आला की हे वगळले आहे का ते आधी पाहा.

पण टक्केवारीपलीकडचे एक सांगते, कारण ते मला मनापासून महत्त्वाचे वाटते. इंग्रजी लेखातले परिच्छेद मराठीत उतरवून स्वतःचे म्हणून दिले, तर यंत्र कदाचित पकडणार नाही. तरीही ती चोरीच आहे. भाषांतर तुमचे, विचार दुसऱ्याचा. म्हणून संदर्भ दिलाच पाहिजे, आणि "भाषांतर प्रस्तुत लेखिकेचे" असे लिहिले तर तुमच्या कष्टाचेही श्रेय तुम्हाला मिळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटकडून संदर्भ मागू नका. तो खरा वाटेल असा लेखक, खरे वाटेल असे शीर्षक आणि पान क्रमांकसुद्धा देतो, आणि ते पुस्तक जगात नसते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर जास्तच. ग्रंथालयाच्या सूचीत सापडले नाही आणि डोळ्यांनी पाहिले नाही, ते निबंधात येता कामा नये. विकिपीडियावरून विषयात शिरायला हरकत नाही, पण तिथल्या तळटीपेतला ग्रंथ काढून वाचा आणि तोच उद्धृत करा.

## १०. शेवटची सूची

झोटेरोच्या शैली इंग्रजीत बनलेल्या आहेत, त्यामुळे मराठी नोंदींत "एट अल", "एडिटेड बाय" असे शब्द रोमन लिपीत घुसतात. निबंध पूर्ण झाल्यावर फाइलची प्रत काढा, त्या प्रतीत झोटेरोच्या टॅबमधून जोडण्या सोडवा, आणि शोधा-बदला वापरून "व इतर", "संपा." असे करून घ्या. मूळ फाइलला हात लावू नका, परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितल्या तर तीच लागेल.

मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या हव्या असतील तर उपकलेक्शनवर उजवे क्लिक करून प्रत्येकाची सूची स्वतंत्र काढा.

अकारविल्हे लावताना संगणक क्ष ला क मध्ये आणि ज्ञ ला ज मध्ये टाकतो, तर ळ ला ल नंतर. आपल्या वर्णमालेत हे शेवटी येतात. क्षीरसागर हे नाव केळकरांशेजारी जाईल की ह नंतर, हे मार्गदर्शकांना विचारा आणि सगळीकडे तेच पाळा.

मग छापील प्रत आणि दोन रंगांची पेने घेऊन बसा. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत शोधा आणि सापडला की मजकुरात एका रंगाने खूण करा. मग उलट, सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे का ते पाहा, आली असेल तर सूचीत दुसऱ्या रंगाने खूण करा. खूण न मिळालेल्या नोंदी उरतील. त्यांतल्या मजकुरातल्या नोंदी सूचीत वाढवा, सूचीतल्या काढा, किंवा विभाग मान्य करत असेल तर "अधिक वाचन" या मथळ्याखाली हलवा. हे काम मैत्रिणीबरोबर केले तर निम्म्या वेळात होते: एकीने मजकूर वाचायचा, दुसरीने सूचीवर बोट ठेवायचे.